भिंतीवर नसलेली माणसे

नागपुरास जावे ते थंडीत, संत्र्यांच्या दिवसांत, असा जाणत्यांचा सल्ला असतो आणि तो खरा आहे. आश्विनात पाऊस नुकताच सरलेला असतो. ऊन मात्र असे लागते की, हा शरद् ऋतू आहे यावर परगावच्या माणसाचा विश्वास बसू नये. तथापि आमचे मावसबंधू दादासाहेब यांच्या घरचा कुळधर्म नवरात्रात असतो, आणि पुष्कळ वर्षांनी सर्व भावकी एकत्र जमावयाची होती. म्हणून गेल्या नवरात्रात आम्ही सहकुटुंब नागपूरची वाट धरली. मनात हेतू एवढाच की, चार दिवस आप्तेष्टांत काढावे, पुडाच्या वड्या खाव्या आणि परत यावे. परंतु तेथे एका भिंतीने आम्हास अडविले. आणि मग नागपुरात जे जे पाहिले, ते त्या भिंतीच्या अनुषंगानेच पाहिले गेले. ती हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेख.

मुंबईहून सायंकाळी सुटलेल्या विदर्भ एक्सप्रेसने आम्ही सकाळी नागपुरास उतरलो. स्थानकाच्या जवळच सीताबर्डीचा किल्ला आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले व इंग्रज यांची गाठ याच टेकडीवर पडली आणि त्या लढाईने नागपूरकरांच्या राज्याचे भवितव्य ठरले. आता टेकडीच्या पायथ्याशी बाजाराची इतकी दाटी असते की, मान वर करून तिच्याकडे पाहावयास कोणास सवड नाही; त्यातच २०१९ पासून डोक्यावरून मेट्रो धावू लागली आहे. तेथून पूर्वेकडे महालात शिरले म्हणजे रस्ते अरुंद होतात, घरांच्या पायऱ्या थेट रस्त्यावर उतरतात आणि शहराचे वय कळू लागते.

दादासाहेबांचा वाडा याच भागात आहे. त्याचा मागचा अर्धा भाग पाडून तेथे मजल्यांची इमारत उभी राहिली. परंतु पुढची बैठक, माजघर आणि विहिरीचा चौक ही अद्याप जुनीच आहेत. बैठकीच्या एका संपूर्ण भिंतीवर तसबिरी आहेत. आमच्या सौभाग्यवतींनी त्या मोजल्या, तो एकतीस भरल्या. पगडी, अंगरखा व उपरणे ल्यालेले पणजोबा. वकिलीच्या काळ्या कोटातील आजोबा. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या नऊवारीतील आजी. पदवीचा झगा घातलेले दोन काका. नागपूरचे विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, आणि त्याच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी दोघे आपल्या घरचे, याचा दादासाहेबांस सार्थ अभिमान आहे. अशी भिंत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असेल. निदान तिच्यावरून उतरविलेल्या तसबिरींची एखादी ट्रंक तरी माळ्यावर असेलच.

भिंतीच्या मध्यभागी सर्वांत मोठी तसबीर आहे ती १९४१ सालच्या एका मुंजीची. चौकात जाजम अंथरले आहे, मागे रंगविलेला पडदा सोडला आहे, मध्ये बटू, त्याच्या दोहों बाजूंस वडीलधारी मंडळी, मागे उभे तरुण, पुढे मांडी घालून बसलेली मुले. त्या काळी फोटोवाला तिवईवर लाकडी कॅमेरा मांडी, काळ्या कापडात डोके घाली, काचेची पट्टी सरकवी आणि भिंगावरचे झाकण हाताने काढून पुन्हा लावी. तेवढा वेळ कोणी हलावयाचे नाही, हसावयाचे नाही. म्हणून त्या काळचे आपले पूर्वज इतके गंभीर दिसतात. ते स्वभावाने तसे होतेच असे नव्हे. या चित्रातही पुढच्या ओळीतील एका पोराने मान हलविली आहे, आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी एक धुरकट ठिपका उरला आहे.

अष्टमीच्या दुपारी जेवणे आटोपून मंडळी बैठकीत पडली होती. दादासाहेबांची सात वर्षांची नात तसबिरीखाली स्टूल ठेवून तीवर चढली आणि चित्राच्या अगदी डाव्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, हा कोण?" आम्ही उठून पाहिले. पडद्याच्या कडेस एक हात दिसतो, खांद्यावरचे मुंडासे दिसते आणि अर्धा चेहरा. पडदा वाऱ्याने हलू नये म्हणून कोणीतरी तो धरून उभा होता आणि नकळत चित्रात आला होता.

"असेल कोणी गडीमाणूस," दादासाहेब म्हणाले. "आत्याबाईंना विचार."

दादासाहेबांच्या आत्याबाई आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केले नाही, सारा जन्म याच वाड्यात गेला. दृष्टी अधू झाली आहे. स्मरण मात्र लख्ख. त्यांनी चित्राजवळ तोंड नेले आणि डावीकडून उजवीकडे एकेकाचे नाव सांगत गेल्या: कोण कोणाचा जावई, कोण पुढे प्लेगाच्या आठवणी सांगे, कोण बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेला. पुढच्या ओळीतील परकर नेसलेली चार वर्षांची मुलगी म्हणजे त्या स्वतः. पडदा धरणाऱ्यापाशी त्या थांबल्या. "याचे नाव मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "दिवाळीस पोस्त मागावयास येई, एवढे आठवते." मग क्षणभर थांबून, "पण तुम्ही त्याचेच काय विचारता? ताईआत्या कोठे आहे, ते विचारा की."

ताईआत्या म्हणजे या आत्याबाईंची आत्या. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी वैधव्य. मग केशवपन, लाल आलवण आणि माहेरचे स्वयंपाकघर. मुंजीच्या त्या दिवशी दोनशे पानांचा स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली झाला. फोटोवाला आला तेव्हा सर्वांना हाका गेल्या. तिला गेली नाही, आणि जाईल अशी तिचीही अपेक्षा नव्हती. मंगलकार्याच्या चित्रात तिची जागा नव्हती. पुढे १९५२ साली ती वारली. "मला तिनेच वाढविले," आत्याबाई म्हणाल्या. "तिचा एकही फोटो नाही. तिचा चेहरा आता माझ्याखेरीज या जगात कोणाला ठाऊक नाही. मी गेले की तोही गेला."

बैठकीत कोणी काही बोलले नाही. स्टुलावरची नात तेवढी एकतीस तसबिरींकडे पुन्हा पाहू लागली.

दादासाहेबांचे धाकटे चिरंजीव येथील शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकतात आणि छायाचित्रणाचा त्यांस नाद आहे. ते म्हणाले, "काका, फोटोग्राफीचा सारा इतिहास याच भिंतीवर आहे: कोणाला मध्ये बसवावयाचे, कोणाला कडेला, आणि कोणाला हाकच मारावयाची नाही." आम्हास हे थोडे अतिशयोक्त वाटले. परंतु संध्याकाळी त्यांनी आजोबांच्या कपाटातून एक जुना ग्रंथ काढून आणला आणि आमची तक्रार बरीचशी विरली.

तो ग्रंथ म्हणजे रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर लिहिलेला, १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध झालेला. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. माहिती अफाट, परिश्रम थोर, आणि मधून मधून छायाचित्रे. त्यांतील बहुतेकांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे आहे: बंजारा स्त्रिया, भाट. पाने उलटता उलटता आम्ही एका चित्रापाशी थबकलो. घरच्या देवांची पूजा करणारा ब्राह्मण! त्यालाही नाव नाही. ज्या समाजाच्या घरोघरी नावानिशी तसबिरी लागल्या होत्या, तोही साहेबाच्या पुस्तकात एक नमुनाच होता. अजब बंगल्यातील काचेमागे मांडलेल्या वस्तूंसारखा. नागपूरचे हे पदार्थसंग्रहालय १८६३ साली स्थापन झाले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६८ ते १८७५ च्या दरम्यान, हिंदुस्थानातील लोकांचे छायाचित्रांसह वर्णन करणारे सरकारी आठ खंडही निघाले. कॅमेऱ्यामागे कोण उभा आहे आणि समोर कोण, यावर चित्राखाली काय लिहावयाचे ते ठरे. आमच्या समाजाने कॅमेरा फार लवकर हाती घेतला हे खरे. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली तेव्हा तीत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. परंतु तो हाती घेऊन आम्ही बहुतेक आमच्याच घरच्यांकडे वळविला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आणि तिसऱ्या दिवशी दसरा. सकाळी शस्त्रपूजेच्या जागी चिरंजीवांनी आपला कॅमेरा मांडला व त्यावर झेंडूचे फूल वाहिले. आत्याबाईंनी त्यास हळदकुंकूही लावले. मग ते म्हणाले, "काका, आज दीक्षाभूमीवर चला. नागपुरात येऊन दसऱ्यास ती न पाहाणे बरे नव्हे." दादासाहेब गर्दीचे नाव काढून घरीच राहिले. आम्ही निघालो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्या वर्षीच्या विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या जागी आता सांचीच्या धर्तीवरील भव्य स्तूप आहे. तो आतून पोकळ असून १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दसऱ्याच्या दिवशी वाहने दूरच थांबवितात. पुढे पायी जावे लागते. विदर्भातून, मराठवाड्यातून, परप्रांतांतून माणसे आलेली असतात. शुभ्र पातळे, निळे झेंडे, कडेवर मुले, डोक्यावर वळकट्या. सोने लुटावयाचा आमचा दसरा आणि हा दसरा एकाच शहरात, एकाच दिवशी, इतक्या जवळून नांदतात. आणि आम्ही मात्र आजवर एकदाही येथे आलो नव्हतो, याची त्या गर्दीत शिरल्यावर थोडी लाज वाटली.

तेथे दोन गोष्टींचा व्यापार विलक्षण चालतो. एक पुस्तकांचा. असा पुस्तकांचा बाजार आम्ही साहित्यसंमेलनांतही क्वचित पाहिला आहे. दुसरा तसबिरींचा. बाबासाहेबांच्या व बुद्धाच्या चौकटीतील तसबिरी लोक घेत होते, फडक्यात गुंडाळीत होते आणि लेकरासारख्या छातीशी धरून नेत होते. त्याशिवाय जो तो स्तूपापुढे उभा राहून आपले चित्र काढून घेत होता: कोणी मोबाइलवर, कोणी भाड्याच्या फोटोवाल्याकडून. एका कुटुंबात आजी मध्ये बसली, भोवती मुले, सुना, नातवंडे रचून उभी राहिली. अगदी आमच्या बैठकीतील मुंजीच्या चित्रासारखी रचना! फरक एवढाच की, या आजीच्या कपाळास कुंकू नव्हते, आणि ती मध्यभागी होती.

चिरंजीवांनी परवानगी घेऊन जवळच बसलेल्या एका वृद्धेचे छायाचित्र टिपले. ती वाशीम जिल्ह्यातील एका खेड्याची. चित्र काढू दिले, पण मग तिने विचारले, "फोटू भेटंन का रे बाप्पा? मागल्या साली एकानं काढला व्हता. पेपरात आला म्हणे. आमाले काई दिसला नाई."

चिरंजीवांनी वही काढली, तिचे नाव, गाव, नातवाचा दूरध्वनी लिहून घेतला आणि चित्र कागदावर छापून पाठवीन असे वचन दिले. त्यांच्या वहीची पाने अशा नावांनी भरलेली आम्ही पाहिली. काही नावांपुढे 'पोहोचले' अशी खूण होती, काहींपुढे नव्हती. "ज्यांच्यापुढे खूण नाही, ते माझे सावकार," ते म्हणाले.

त्या रात्री बैठकीत चांगलाच वाद रंगला. चिरंजीवांनी हल्लीच्या छायाचित्रकारांची कामे आणून समोर ठेवली. त्यात सुधारक ओलवे यांची चित्रे आम्ही प्रथमच नीट पाहिली. मुंबईची घाण उपसणारे हजारो सफाई कामगार. गटारात उतरलेले, कचऱ्याच्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेले, आणि मग घरी, बायकामुलांत बसलेले. सारी कृष्णधवल. ओलवे यांस २०१६ साली पद्मश्री मिळाली. परंतु आम्ही तीस वर्षे मुंबईत राहून ज्यांच्या हातांनी स्वच्छ राहिलो, त्यांचे चेहरे त्यांच्या चित्रांत पहिल्याने पाहिले, हे आम्हास अधिक महत्त्वाचे वाटते. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले. कायदा वाचून जे मनात उतरत नाही, ते एक चित्र उतरविते.

पी. साईनाथ यांचे नाव विदर्भात सर्वश्रुत आहे. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी त्यांनी जे लिहिले ते देशभर वाचले गेले. ते छायाचित्रेही काढतात हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत हिंडून त्यांनी खेड्यातील स्त्रियांच्या श्रमांची चित्रे घेतली. त्या प्रदर्शनाच्या नावाचा भावार्थ असा की, काम दिसते, पण ते करणारी स्त्री दिसत नाही. लावणी करणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, सरपण आणणाऱ्या स्त्रिया. आमच्या सौभाग्यवती ती चित्रे पाहाता पाहाता म्हणाल्या, "दोनशे पानांचा स्वयंपाक करणारीही यातच बसली असती." २० डिसेंबर २०१४ पासून साईनाथ व त्यांचे सहकारी ग्रामीण भारताचे एक संग्रहालयच इंटरनेटवर चालवीत आहेत, त्यातील मजकूर मराठीतूनही वाचावयास मिळतो. तेथे चित्राखाली माणसाचे नाव असते, गाव असते, आणि पुष्कळदा त्याचे स्वतःचे शब्द असतात.

संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर हिंडून काढलेल्या चित्रांचे 'तमाशा: एक रांगडी गंमत' हे पुस्तक आहे, रंगमंचावरील झगमगाट आणि कनातीमागील थकवा दोन्ही त्यात आहेत. दयानिता सिंग यांनी तर २००१ साली दिल्लीतील मोना अहमद या तृतीयपंथी व्यक्तीवर जे पुस्तक केले, त्यात चित्रे दयानिताबाईंची असली तरी हकीकत मोनाने आपल्याच शब्दांत सांगितली आहे. त्यांस २०२२ साली स्वीडनचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. आणि या साऱ्यांच्या आधीच्या होमाई व्यारावाला. १९१३ साली जन्मलेल्या या पारशी बाई साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यास लावून दिल्लीच्या राजकारणात वावरल्या आणि देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार ठरल्या. २०११ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले, २०१२ साली त्या निवर्तल्या. कॅमेऱ्यापुढे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहाणाऱ्या आजीपासून कॅमेऱ्यामागे उभ्या राहाणाऱ्या या बाईपर्यंतचे अंतर केवढे, याचा विचार आमच्या भगिनींनी अवश्य करावा.

दादासाहेब इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "हे सारे ठीक. पण मला एक सांगा, दुसऱ्याचे दारिद्र्य चौकटीत बसवून मोठमोठ्या दालनांत टांगावयाचे, त्यास बक्षिसे मिळवावयाची, यात त्या गरिबाचे काय हित? त्यापेक्षा गौतम राजाध्यक्ष बरे. माणसाचा चेहरा जितका सुंदर असू शकेल तितका ते दाखवीत." राजाध्यक्ष १९५० साली जन्मले, २०११ साली वारले, त्यांच्या 'चेहरे' या पुस्तकाच्या प्रती अनेक मराठी घरांत आहेत, आणि नटनट्यांचे रूप प्रकाशाने कसे उलगडावे हे त्यांच्याकडून शिकावे, यात संशय नाही.

दादासाहेबांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग या बाईंनी एका स्थलांतरित मजूर आईचे चित्र काढले. ते जगभर गाजले, पुस्तकांत गेले, टपालाच्या तिकिटावर गेले. त्या आईचे नाव मात्र १९७८ पर्यंत कोणास ठाऊक नव्हते. बेचाळीस वर्षांनी ती जेव्हा बोलली, तेव्हा तिने सांगितले की, त्या चित्रातून आपणास एक छदामही मिळाला नाही. वाशीमकडच्या आजीची तक्रार हीच नव्हे काय? पण त्याच अमेरिकेत १९०८ पासून लुईस हाइन हा एक शिक्षक गिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या मुलांची चित्रे काढीत फिरला. तो प्रत्येक मुलाचे नाव, वय, पगार खिशातील कागदावर टिपून घेई; उंची लक्षात राहावी म्हणून आपल्या जाकिटाच्या गुंड्यांशी ती ताडून पाही. त्या चित्रांनी लोकमत हलले, आणि बालमजुरीस आळा घालणारा देशव्यापी कायदा १९३८ साली झाला.

आमच्या मते दोहोंतील भेद हाच आहे. चित्र सुंदर की विद्रूप, श्रीमंताचे की गरिबाचे, हा प्रश्न दुय्यम. ज्याचे चित्र काढले त्याचे नाव विचारले काय, आणि ते चित्र त्याच्यापर्यंत पोहोचले काय, हा खरा प्रश्न. हल्लीच्या चांगल्या छायाचित्रकारांनी कॅमेरा पडदा धरणाऱ्याकडे वळविला, ही त्यांची अर्धी कामगिरी. त्याचे नाव लिहून घेतले, ही उरलेली अर्धी. दादासाहेबांनी मान हलविली. ती होकारार्थी की नकारार्थी, ते आम्हास समजले नाही.

आम्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाईंनी मुंजीची तसबीर भिंतीवरून उतरावयास सांगितली. चौकटीच्या मागचा पुठ्ठा काढला तो वाळवीने एका कोपऱ्यात खाल्ला होता. चिरंजीवांनी तो फेकून दिला आणि आम्हास काही व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो. जुनी चित्रे काचेस थेट चिकटू देऊ नयेत. मध्ये पुठ्ठ्याची कड ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात ती काचेसच धरतात. त्यांवर प्लास्टिकचे आवरण उष्णतेने चिकटवून घेऊ नये. ते पुन्हा निघत नाही. बाहेरच्या भिंतीवर, जेथे ओल येते किंवा ऊन पडते, तेथे ती लावू नयेत. मागे नावे लिहावयाची ती मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेस. शाईने नव्हे, कारण शाई कालांतराने पुढे उमटते. आणि हे काम घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून, आजच करावे.

आत्याबाई सांगत गेल्या, नात आपल्या वळणदार अक्षरात लिहीत गेली: उभे, डावीकडून, खुर्चीवर बसलेले, खाली बसलेले. मध्येच चिरंजीव म्हणाले, "आत्याआजी, तुम्ही वर्णन सांगा. हल्ली यंत्र असे आहे की, नुसत्या वर्णनावरून चेहरा तयार करून देते. ताईआत्यांचाही करून पाहू."

त्यांनी मोबाइलवर खटपट केली आणि दोन मिनिटांत एक चेहरा उमटला. लाल आलवण, डोक्यावरून पदर, सात्त्विक डोळे, अगदी खऱ्यासारखा. आम्ही सर्व वाकून पाहू लागलो. आत्याबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कोणाचे तरी असेल. पण ही ती नव्हे रे. हे लावलेस तर पन्नास वर्षांनी सगळे हीच ताईआत्या म्हणतील, आणि मग ती खरोखरच पुसली जाईल. नसलेली जागा नसलेलीच राहू दे. नाव तेवढे लिही."

चिरंजीवांनी ते चित्र पुसून टाकले. नातीने पेन्सिल पुन्हा हाती घेतली. ताईआत्यांचे माहेरचे नाव आत्याबाईंस चटकन आठवेना. ताईआत्या म्हणूनच सारे हाक मारीत. सासरचे नाव तर कोणीच कधी उच्चारले नव्हते. त्या डोळे मिटून बसल्या. चौकात दिवेलागण झाली, कोणीतरी देवापाशी निरांजन लावले, आणि मग आत्याबाईंनी एकाएकी ते नाव घेतले. ते येथे आम्ही देत नाही. ते त्या घराचे आहे. नातीने यादीच्या शेवटी एक ओळ सोडून लिहिले: 'चित्राबाहेर, स्वयंपाकघरात', आणि पुढे ते नाव.

त्याच्याही खाली तिने आपणहून आणखी एक ओळ घातली: 'पडदा धरणारे', आणि पुढे रिकामी रेघ ओढून ठेवली. दादासाहेबांनी ती वाचली. "महालात एक-दोन म्हाताऱ्यांना विचारून पाहातो," ते म्हणाले. "कोणाला ठाऊक असेल."

आता ती तसबीर पुन्हा आपल्या जागी लागली आहे. पुढून पाहाणारास तीत काहीच पालट दिसणार नाही. परवा चिरंजीवांचे पत्र आले. वाशीमकडच्या आजींचे चित्र पोहोचले, आणि वहीत त्यापुढे खूण झाली. दादासाहेबांच्या रेघेवर मात्र अद्याप काही लिहिलेले नाही. ते विचारीत आहेत.